उंबराच्या फांदीचं चलान

शिवाच्या टेम्पोला चलान लागलं ते उंबराच्या फांदीपायी, हे आमच्या गावात आता शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बहिणीची हळद होती. मांडवाला उंबर लागतो, तो आणायला शिवा आपटा गावाच्या बाजूला गेला होता. फांदी मिळाली ती भली मोठी, पानांनी भरलेली. हौद्यात मावेना म्हणून मागे लोंबत ठेवली आणि नेमकी नंबरप्लेट झाकली गेली. फाट्यावर पोलिसाने हात केला.

"फांदी वर घ्या. नंबर दिसत नाही."

"मांडवाचा उंबर हाय सायेब. कापून चालत नाय."

"मग मला फोटो काढावा लागेल."

"काडा की," शिवा म्हणाला, आणि फांदीशेजारी उभा राहून फोटोसाठी हसला. इतका तो त्या दिवशी खुशीत होता.

संध्याकाळी ऐन हळदीत फोनवर मेसेज आला. पाचशे रुपये दंड. पाचशे म्हणजे काय, त्या रात्री बँडवाल्यावर त्याहून जास्त उधळले असतील. पण शिवाचं टाळकं सटकलं. मांडवाच्या उंबराचा दंड भरायचा म्हणजे उंबर आणला हाच गुन्हा झाला की, असं त्याचं म्हणणं. बायको भामा म्हणाली, "भरून टाका नि मोकळे व्हा." पण बायकोचं ऐकेल तो शिवा कसला.

तो गेला हरेशकडे. हरेश त्याचा चुलतभाऊ, वयाने थोडा लहान. वाट्याला आलेली जमीन विकून बिल्डर झालेला, पांढरी मोठी गाडी, बोटांत अंगठ्या, आणि कुठल्याही ऑफिसचं नाव काढा, "तिथला सायेब आपला माणूस" हे ठरलेलं. रिकाम्या हाताने जायचं नाही ही आमच्याकडची रीत. दाखला काढायचा असो, पोराची अॅडमिशन असो, आमच्या लोकांना एकच ठाऊक, जिताडा मासा न्यायचा. तलावात वाढवलेला, हाताएवढा लांब, ओल्या गोणपाटात गुंडाळून. जिताडा स्वीकारला म्हणजे काम झालं, पुन्हा विचारायचं नाही. विचारलं तर माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

हरेशने जिताडा फ्रीजमध्ये ठेवायला सांगितला आणि म्हणाला, "चलान ना? झालं समज."

शिवाने झालं असं समजलं. इथेच सगळं फसलं.

पुढे टेम्पोचं फिटनेस करायची वेळ आली तेव्हा एजंट म्हणाला, "जुनं चलान बाकी दिसतंय. ते भरल्याशिवाय पुढं काही होणार नाही."

"तुझी मशीन जुनी असंल," शिवा त्याला म्हणाला. "ते काम झालेलं हाय."

घरी भामाने डोक्याला हात लावला. "अवो, एकदा भावजींना विचारा तरी."

"काय विचारू? जिताडा खाल्ला, काम केला का नाय, असं विचारू? काय इज्जत राहील त्याची नि माजी?"

"मंग आपुनच भरू."

"जिताडा दिलाय ना! परत पैसे कशाला?"

फिटनेसची मुदत संपली. मग कोर्टात हजर राहण्याचा मेसेज आला, तो शिवाने पुसून टाकला. टेम्पो तो गावातल्या गावात चालवायचा, नाहीतर कळंबोलीच्या मागच्या रस्त्याने, चोरासारखा. चोरी काही नाही आणि चोराची चाल, असले दिवस त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतले होते.

आणि यंदा तलावाची वेळ आली.

आमचा गावतलाव गावकीच्या मालकीचा. दरवर्षी जो कुणी त्यात जिताड्याचं बी सोडेल, म्हणजे खाडीतून पकडलेली बोटभर पिल्लं, त्याच्याकडे तलाव वर्षभर राहतो. लिखापढी काही नाही. गावकीची माणसं काठावर उभी राहतात आणि ज्याच्या हातून बी पाण्यात पडेल तो धनी. मात्र बी सोडायचं ते घरच्या पुरुषाने. पकडायला बाई चालते, वाहायला बाई चालते, गाळ उपसायला तर बाईच लागते. सोडायला तेवढी चालत नाही. का, ते विचारायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही.

शिवाच्या घराकडे तलाव बरीच वर्षं होता. जमीन गेली, मिठागरं गेली, आता तलाव आणि टेम्पो यांवर घर चालायचं. गेल्या वर्षी बी मिळालं नाही आणि तलाव रिकामा राहिला. हरेशने लगेच गावकीत विषय काढला, डबकं पडून ठेवण्यापेक्षा भराव टाकू, लग्नाचा हॉल बांधू, पार्किंग होईल. निम्मं गाव त्याच्या बाजूने गेलं. शेवटी हिराजीबाबांनी, गावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने, तोडगा काढला. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत बी पडलं तर तलाव बी सोडणाऱ्याचा. नाही पडलं तर हरेशचा भराव.

तो दिवस उजाडला तेव्हा शिवा आणि भामा उरणजवळ मोऱ्याला होते. भामाची मावशी वेणू तिथे राहते, खाडीत तिचा हात बसलेला. चार दिवस तिने पोरांना घेऊन ओहोटीच्या डबक्यांतून पिल्लं वेचली होती. पिंपात खाडीचं पाणी भरलं, कळशीकळशीने पिल्लं सोडली. वेणू म्हणाली, "भामे, हात थांबवू नको गं. पानी हलता ठेव. थांबलीस का ही मेली."

"नाय थांबत मावशी."

भामा मागे हौद्यात पिंपाला टेकून बसली. एक हात कोपरापर्यंत पाण्यात, वरखाली, वरखाली. पावसाने आठवडाभर दडी मारली होती आणि ऊन असं की श्रावण म्हणावं की वैशाख. उरणच्या रस्त्याला कंटेनरांची रांग. धूर सगळा तिच्या नाकात. खांदा भरून आला की ती हात बदलायची. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. खाचखळग्यात पिंप हिंदकळायचं आणि पाणी तिच्या लुगड्यावर सांडायचं, त्याबरोबर एखादं पिल्लू आलं की ती ओंजळीने परत टाकायची. पिल्लं खाली तळाशी होती. तळाशी आहेत तोवर ठीक, वर येऊन तोंड उघडायला लागली की संपलं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

मागचा रस्ता त्या दिवशी खोदून ठेवला होता. शिवाला रोडपालीच्या चौकातून यावंच लागलं. आणि चौकात तपासणी पथक उभं.

शिट्टी वाजली. शिवाने टेम्पो बाजूला घेतला. भामाने हौद्यातूनच पाहिलं, त्याची मान कॉलरमध्ये गेली होती.

पथकातली बाई तरुण होती. तिने मशिनमध्ये नंबर टाकला. "फिटनेस संपलंय. चलान थकीत आहे, कोर्टाचीही तारीख होऊन गेलीय. तुम्ही ही गाडी रस्त्यावर आणलीच कशी?"

"मॅडम, ते चलान क्लियर झालेला हाय."

"कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं हे सांगायची सोय नव्हती.

"हे बघा," तिने मशीन पुढे केली. पडद्यावर फोटो होता. उंबराची फांदी, आणि शेजारी दात काढून हसणारा शिवा. बाजूच्या हवालदाराने तो पाहिला आणि तोंड फिरवून हसला. शिवाचं तोंड लालबुंद झालं.

"आता भरतो मॅडम. इथंच भरतो." त्याने फोन काढला. घामाने बोटं घसरत होती, दोनदा पिन चुकला. तिसऱ्यांदा पैसे गेले. हवालदाराने मशिनमध्ये पाहून मान हलवली. वर्षानुवर्षं अडलेलं काम इतक्या लवकर होतं, हे शिवाला तेव्हा कळलं. त्याने भामाकडे बघायचं टाळलं.

"झाला ना मॅडम? जाऊ?"

"चलान झालं. फिटनेसचं काय? गाडी जमा करावी लागेल. फिटनेस करून घ्या, मग सोडवून न्या."

"मॅडम, मागं बी हाय! जिताड्याचं बी! मरंल सगळं!"

ती बाई वाईट नव्हती. हौद्याशी आली, पिंपात वाकून पाहिलं. "माल उतरवून घ्या, मी अडवत नाही. दुसरी गाडी बोलवा. पण ही गाडी नाही सोडता येणार. उद्या ब्रेक फेल होऊन कुणाच्या अंगावर गेली तर?"

भामा पिंपातला हात न काढता ओरडली, "अवो, रिक्षा बघा! लवकर!"

रिक्षावाले थांबायचे, पिंप बघायचे आणि जायचे. एकजण म्हणाला, "सीटचा सत्यानाश होईल, भाभी." गावातल्या दोघांना फोन लावला, एक पनवेलला दवाखान्यात होता, दुसऱ्याचा लागेना. पिंपाचा पत्रा उन्हाने तापायला लागला. भामाने पदर भिजवून पिंपाभोवती गुंडाळला. आणि तेवढ्यात एक पिल्लू वर आलं. तोंड उघडलं, मिटलं. मग दुसरं.

"आली वर!" तिचा आवाज फुटला. "अवो, वर आली!"

मग शिवाने हरेशला फोन लावला. वळखीचा माणूस म्हणून. हरेश तलावावरच निघाला होता, गावकीने बोलावलेलं. पाच-दहा मिनिटांत पांढरी गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरशेजारून हरेश काळा चष्मा कपाळावर चढवून उतरला आणि सरळ त्या बाईकडे गेला. "नमस्कार मॅडम. आपलीच माणसं आहेत. जरा बघा ना."

"बघितलंय मी. मशिनमध्ये आहे सगळं. माझ्या हातात काही नाही."

"तुमचे सर कोण? मी बोलतो."

"बोला की."

हरेशने फोन कानाला लावला, जरा लांब जाऊन बोलल्यासारखं केलं आणि परत आला. "सर मीटिंगमध्ये हायेत," तो शिवाला म्हणाला. मग पिंपाकडे पाहिलं, भामाच्या भिजलेल्या अंगाकडे पाहिलं. "वयनी, बसा माझ्या गाडीत. तलावावरच चाललोय. बी घ्या, नेऊन सोडतो."

शिवा आणि भामाने एकमेकांकडे पाहिलं. बी पोचलं नाही तर भराव ज्याचा, तोच बी न्यायला तयार. यात काहीतरी खोट आहे हे दोघांनाही कळत होतं. पण पिल्लं वर येत होती.

"जा," शिवा म्हणाला. "मी गाडी जमा करून येतोच मागून. मी येईपर्यंत थांबा."

पिंप गाडीत मावणारं नव्हतं. दोन कळशा आणि एक बादली, एवढंच गेलं. जितकी जिवंत दिसली तितकी भामाने ओंजळीओंजळीने काढून घेतली. बाकीचं पिंप टेम्पोतच राहिलं. शिवा टेम्पो जमा करायला चालवत नेणार, तर त्यात हात कोण फिरवणार?

हरेशने सीटवर प्लॅस्टिक अंथरलं होतं. भामा मागे बसली, बादली पायांत, कळशा दोन्ही बाजूंना, एकेका हाताने दोन्हीकडचं पाणी हलवत. गाडीत थंडगार वारा. ओल्या लुगड्यात तिचे दात वाजायला लागले.

"भावजी," ती म्हणाली, "त्या चलानासाठी यांनी तुम्हाला जिताडा दिला होता."

"कवा?"

"नणंदेच्या हळदीनंतर. तुमी बोललात, झालं समज."

हरेशने मागे वळून पाहिलं. त्याला खरंच आठवत नव्हतं, तोंडावर साफ दिसत होतं. "वयनी, मला वर्षाला किती जिताडे येतात, कुठला कशाचा, कसा ध्यानात राहणार?" आणि तो हसला. मनात काही न ठेवता हसला, म्हणून ते जास्त लागलं. नवऱ्याने ज्या शब्दापायी चोरासारखे दिवस काढले, तो शब्द या माणसाच्या डोक्यात एक रात्रसुद्धा टिकला नव्हता. भामाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

तलावावर गावकी जमली होती. हिराजीबाबा काठीवर हनुवटी ठेवून दगडावर बसलेले. हरेशने गाडी अगदी काठाला लावायला सांगितली. खाली उतरून मोठ्याने म्हणाला, "बी आणलं बघा! वाटेत अडकलं होतं, मीच घेऊन आलो."

"आलं का?" बाबा उठले. "शिवा कुठं?"

"टेम्पो पकडला त्याचा. चलान थकवलेलं," हरेश म्हणाला. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "पाचशे रुपयांपायी?"

भामाने कळशा उतरवून काठावरच्या चिखलात ठेवल्या. बादली हरेशच्या ड्रायव्हरने आणली. तिने बादलीत पाहिलं. निम्मी पिल्लं आडवी झाली होती. बाकीची वर तोंड काढून हवा गिळत होती.

"बाबा, हे येतीलच इतक्यात," ती म्हणाली. "जरा थांबा."

"थांबलो असतो गं. पण बी थांबंल का?"

"हरेश हाय की," मागून कुणी बोललं. "भाऊच हाय. घरचाच पुरुष."

"बरोबर," दुसरा म्हणाला. "त्याच्या हातानं सोडू दे. दुपार टळायला आली."

हरेशने बूट काढले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भामापुढे हात केला. "द्या वयनी, कळशी. मरतायत बिचारी."

त्याच्या हातून पडलं की तलाव त्याचा. वर्षभराने त्यानेच सांगितलं असतं, मासे झाले नाहीत, भराव टाका. हे काठावरच्या प्रत्येकाला समजत होतं आणि प्रत्येकजण दुसरीकडे बघत होता. भामाने कमरेचा फोन काढून शिवाला लावला.

"कुठं हाव?"

"अजून लाईनीतच हाय. सही बाकी हाय."

"गावकीवाले बोलतात भावजींच्या हातानं सोडा."

पलीकडे मोटारींचे आवाज. मग शिवा म्हणाला, "पिंपातली सगळी गेली गं." आणि पुढे, "सोडू दे त्याला. निदान ती तरी जगतील."

तिने फोन बंद केला. इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता. हरेशवर आला, नवऱ्यावर तर त्याहून जास्त. दंड भरायला सांगितला तेव्हा याने ऐकलं नाही. आणि आता, जिथे ठाम उभं राहायचं, तिथे हा पहिल्या फटक्यात वाकला. पहाटेपासून हात पाण्यात कुणाचा होता?

"द्या," हरेश पुन्हा म्हणाला. त्याने कळशीच्या काठाला हात लावला.

"हात काडा भावजी."

"अवो—"

"काडा हात!"

ती इतक्या जोरात ओरडली की त्याने खरंच हात काढला. भामाने एक कळशी कमरेवर घेतली, दुसरी उजव्या हातात धरली आणि सरळ पाण्यात उतरली. मागे गलका उठला. "भामे! ए भामे! बाबा, अडवा तिला! बाईच्या हातानं नाय पडत बी!" तिचे पाय गाळात रुतत होते, लुगडं पायांत अडकत होतं. गुडघ्याएवढं पाणी झालं, मग मांडीएवढं, मग कमरेएवढं. तिथे झुकलेल्या झाडाची सावली होती, पाणी गार होतं. तिने कळशी तिरकी केली. तलावाचं पाणी थोडं थोडं आत घेतलं, पिल्लांना सवय होईपर्यंत थांबली. घाई असूनसुद्धा थांबली. मग कळशी पूर्ण आडवी केली. पहिलं पिल्लू तोंडाशी अडखळलं आणि सुळकन खाली गेलं. त्यामागून बाकीची. दुसऱ्या कळशीतली काही वर तरंगत राहिली, पण बरीच गेली.

हरेश हिराजीबाबांकडे वळला. "बाबा, हे रीतीत बसत नाय. हे बी धरता येनार नाय. तुमीच सांगा."

हिराजीबाबा काठी टेकून उभे होते. ते तलावाकडे बघत राहिले.

भामा कमरेएवढ्या पाण्यात वळली. दोन्ही रिकाम्या कळशा तिच्या बाजूला तरंगत होत्या.

"नाय धरता येत?" ती म्हणाली. "मंग उतरा भावजी पान्यात. एकेक करून काडा बाहेर, नि सोडा तुमच्या हातानं."

हरेश काठावर अनवाणी उभा होता, पॅंट दुमडलेली. तो उतरला नाही. भामाने काठाकडे हात केला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "ती बादली आन इकडं, लवकर."

ड्रायव्हरने मालकाकडे पाहिलं. बादली हिराजीबाबांनी उचलली, आणि धोतर भिजवत तिच्याकडे चालू लागले.